मोडलो नाही, उघडलो

मी एक जुना दरवाजा आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, की म्हाताऱ्याने गोड बोलून जवळ बसवलं आणि मग खेकसला.

मित्रांनो, तुमच्यासारखी मुलं या दालनात रोज येतात. मला भिंतीला टेकवून उभं केलंय आणि शेजारी एक पाटी लावलीय. पाटीवर लिहिलंय, 'प्रेमाच्या शक्तीने मोडलेला दरवाजा'. मुलं ती मोठ्याने वाचतात, बाई "अगंबाई, किती छान!" म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अरे, मोडलेला? बिजागऱ्या बघा, फळ्या बघा, लोखंडी पट्ट्या बघा. एक तरी चीर दाखवा! कवींचं काय जातं, म्हणे कोंडलेल्या पोरीच्या अश्रूंनी दार फुटलं. अश्रूंनी दरवाजे फुटत असते तर जगात एकही तुरुंग उरला नसता. मी मोडलो नाही, मी उघडलो. आणि कसा उघडलो, कुणामुळे उघडलो, हे एकाही गाण्यात नाही. म्हणून आज मीच सांगतो.

एका जुन्या झाडाच्या कठीण लाकडातून सुताराने मला घडवलं. किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर, लांब ओसरीच्या टोकाला एक खोली होती, तिच्या चौकटीत मला बसवलं. माझ्या मधोमध करंगळी जाईल एवढं एक भोक पाडलं, बाहेरून आत बघायला. खिडकी नव्हती, फक्त छताजवळ एक झरोका होता. बाहेर एक कडी, आत एक कडी. कुलूप नाही, किल्ली नाही. कारण त्या राज्यात एक रीत होती. नवा दरवाजा बसवला की मालकाने त्यावर तळहात टेकवून एक वाक्य बोलायचं. ते वाक्य दरवाजाने जन्मभर पाळायचं. कोठाराच्या दाराला लोक सांगायचे, "उंदराला आत घेऊ नकोस." गोठ्याच्या दाराला सांगायचे, "वाऱ्याने उघडू नकोस." एकदा दिलेला शब्द मालकालाही फिरवता येत नसे. म्हणून शहाणी माणसं बोलण्याआधी विचार करत.

आमचे महाराज शहाणे नव्हते, स्वतःला शहाणे समजत होते. त्यांनी माझ्यावर पंजा ठेवला आणि म्हणाले, "फक्त आमच्या घरच्या माणसाच्या हाताने उघडायचं. पहारेकरी फितूर होतो, दरवाजा होत नाही."

सुताराने विचारलं, "घरचं माणूस म्हणजे कोण कोण, महाराज? सांगून ठेवलेलं बरं."

"घरचं म्हणजे घरचं! तू तुझा रंधा मार."

झालं. पुढचं मला माझंच ठरवावं लागलं. मी ठरवलं ते असं. जो हात लावताना मनापासून म्हणेल की हे घर माझं आहे, तो घरचा. दुसरं कोण त्याला काय म्हणतं, याच्याशी मला देणंघेणं नाही. त्याने उघडायचं आणि त्यानेच लावायचं. दरवाजाला यापेक्षा जास्त अक्कल लागत नाही.

मग तिला आणलं. नदीपलीकडच्या राज्याची ती एकुलती वारस. दोन राज्यांचं नदीवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं. ते मिटवायला ती बोलणी करायला आली होती, तीही एका माणसाच्या शब्दावर. आमच्या युवराजांनी स्वतः तिला निरोप पाठवला होता, "या, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही." ती आली, नावेतून उतरली आणि महाराजांनी तिला धरून आणून माझ्या मागे कोंडलं. पोराने दिलेला शब्द बापाने मोडला आणि पोरगा बघत उभा राहिला. पहारेकरी तिला 'पाहुणी' म्हणायचे आणि खी खी हसायचे. माझा पहिला राग तिथला आहे.

महाराजांना तिच्या तोंडून एवढंच हवं होतं, "नदी तुमची." त्या मुलखात वारसाने तोंडाने म्हटलं की झालं, मग ते फिरत नसे. ती म्हणाली, "नदी माझ्या बापाची नाही, तुमचीही नाही. पाणी पिणाऱ्याचं असतं." महाराज म्हणाले, "राहा मग इथे."

आता गंमत बघा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. मला फक्त घरचीच माणसं उघडू शकत होती, मग कैद्याला जेवण कोण देणार? आचारी कडी ओढून दमला. पहारेकऱ्यांनी मिळून ओढून पाहिलं. महाराजांनी स्वतः ताट उचलायचं म्हणजे राज्य बुडालंच! राणीसाहेब एकदा आल्या. थंडी होती, हातात शाल होती. पाहुणीला द्यावी म्हणून त्यांनी कडीला हात लावला. महाराज मागेच उभे होते. राणीसाहेबांच्या मनात एकच प्रश्न होता, "मला चालेल ना?" चालेल का असं विचारणाऱ्या हाताला मी कसा उघडणार? मी नाही उघडलो.

महाराज हसले. "बघितलंस? दरवाजालाही कळतं. परक्या घरून आलेली ती परकीच."

राणीसाहेब शाल घेऊन खाली मानेने परत गेल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की आता त्यांना ते खरं वाटत होतं. मित्रांनो, त्या दिवशी मी माझ्या बिजागऱ्या करकरा चावल्या, पण शब्द म्हणजे शब्द.

उरले युवराज. ज्याने जन्मात स्वतःच्या हाताने पेला भरून घेतला नव्हता, तो दोन्ही वेळा ताट घेऊन जिना चढू लागला. पहारेकऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'ताटवाले युवराज'. पहिल्या दिवशी त्याने अर्धं वरण ओसरीवर सांडलं.

ती म्हणाली, "वाढायला कुठे शिकलात? तबेल्यात?"

"मी... माफी मागायला आलोय," तो म्हणाला.

"मग माफीच आणायची होती. हे कशाला? विष असेल यात. आधी तुम्ही खा."

त्याने निमूटपणे पहिला घास खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज त्याने आधी खायचं, मग तिने. ती त्याला टाकून टाकून बोलायची, तो ऐकून घ्यायचा. तिच्या बोलण्याला धार होती आणि तिचं काहीच चुकत नव्हतं. हळूहळू तो वरण न सांडता पायऱ्या चढू लागला. मग भांडी स्वतः घासून आणू लागला. एकदा ताट उशिरा आलं तर ती माझ्या भोकाशी येऊन बाहेर बघत उभी होती. तो दिसला तशी पटकन मागे सरली आणि म्हणाली, "मेलात की काय वाटलं. म्हटलं, जेवणाचं काय होणार." तिच्या गालावर माझ्या लाकडाची रेघ उमटली होती. ती त्याला दिसली आणि तो वेड्यासारखा हसला.

त्यानंतर विषाचं कुणी नाव काढलं नाही, पण दोघं एकाच ताटात जेवत राहिली. जेवण झालं की तो बाहेर येऊन मला लावायचा आणि जायच्या ऐवजी मला पाठ टेकून ओसरीवर बसायचा. आतून तीही बसायची. मध्ये मी. ती आली होती बोलणी करायला, शेवटी बोलणी झाली ती अशी. नदी दोघांनी वाटून कशी वापरायची, पूल कुठे बांधायचा, कोणाच्या गावाला आधी पाणी. आणि मग इतर बोलणं, जे मी सांगणार नाही. दरवाजाला काही लाजलज्जा असते.

प्रेम झालं, छान झालं. पण मला त्याचाही राग यायचा. रोज हा माझ्यावर हात ठेवायचा, मी रोज उघडायचो, आणि ओसरीच्या टोकाला पहारेकरी आहेत म्हणून हा तिला घेऊन एक पाऊल बाहेर टाकायचा नाही. म्हणायचा, "उद्या बाबांशी बोलतो."

ती म्हणायची, "तुमच्याकडे उद्या उगवतो तरी का कधी?"

शेवटी एकदाचा तो बोलला. भरल्या दरबारात बोलला, म्हणजे बोलायची ती जागाही चुकवलीच. "मला तिच्याशी लग्न करायचंय. आणि नदी दोघांची राहील." महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते ओरडले, "तिचं दाणापाणी आजपासून बंद! नाक दाबलं की तोंड उघडतं. 'नदी तुमची' म्हणेपर्यंत थेंब मिळणार नाही." तेव्हा युवराजांनी बोटातली घराण्याची अंगठी काढली, बापाच्या पायाशी फेकली आणि म्हणाले, "मग आजपासून मी या घरचा नाही!"

दरबार थक्क झाला. आवाज वरपर्यंत आला. मलाही ऐकू आला. अरे शहाण्या! अरे उंटावरच्या शहाण्या! आधी दार उघडायचं, मग घर सोडायचं!

तो पळत पळत वर आला. पहारेकरी गोंधळून बाजूला झाले. आज तो तिला घेऊन जाणारच होता. त्याने कडी ओढली. मी हललो नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढली.

"उघड ना रे! मी आहे!"

तो होता हे मला दिसत होतं. पण त्याच्या तळहातात आता हे घर उरलं नव्हतं, त्याने मनापासून सोडलं होतं. मग त्याला समजलं. तो घाईघाईने म्हणाला, "बरं, मी घरचा आहे. चुकलो. मी या घरचाच आहे." ते नुसतं तोंडातून आलं. पोटात त्याच्या बापाच्या घराबद्दल तिरस्कार खदखदत होता. मी काय करू? मित्रांनो, तुम्हाला वाटतं दरवाजांना सोपं असतं?

आतून ती म्हणाली, "काय झालं? उघडा की."

"मी घर सोडलं," तो म्हणाला.

"बरं केलंत. आणि दार?"

"उघडत नाहीये."

मग ती हसली, अगदी मनापासून हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "अहो, माझ्या नशिबात हाच एक हुशार माणूस होता का!"

खालून महाराज आले. सगळं बघून त्यांना आनंदच झाला. म्हणाले, "बसू दे याला इथेच. कडीला हात लावून बघू दे रोज. आपल्या हाताने आपलं दार बंद केलंय याने." आणि ते मिशीला पीळ देत निघून गेले. मी ज्यांच्या शब्दाला बांधलेला, तो माणूस असा. लाज वाटली मला माझ्या प्रामाणिकपणाची.

झरोका उंच, ऊन सरळ खोलीत. पहिले दोन दिवस ती खणखणीत बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिची जीभ जड झाली. तेव्हा युवराजांना माझं भोक आठवलं. त्यांनी एक पोकळ बोरू आणला, तो माझ्यातून आत सरकवला आणि तोंडात पाणी घेऊन थेंब थेंब सोडू लागले. पलीकडून ती ओठ लावून प्यायची. पाणी पहारेकऱ्याच्या मडक्यातलं होतं. तोच पहारेकरी, खी खी हसणारा. आता तो मडकं भरून ठेवायचा आणि मुद्दाम पाठ फिरवून उभा राहायचा.

अर्धं पाणी तिच्या ओठात जायचं, अर्धं माझ्या अंगात मुरायचं. लाकडाला पाणी म्हणजे काय ते कुठल्याही सुताराला विचारा. मी आतून फुगू लागलो. माझी कड चौकटीवर दाबली जाऊ लागली, सांधे ठणकू लागले. मी म्हटलं, फुगू दे. कुजलो तरी चालेल. माझ्यामुळे कोंडलेल्या जिवाच्या घशात माझ्यातूनच पाणी जातंय, यापेक्षा बरं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

पण पाण्याने पोट भरत नाही. तिच्याने उभं राहवेना. ती माझ्या पायथ्याशी बसून राहायची आणि त्याने बोरू वाजवला की कशीबशी भोकापर्यंत मान उचलायची.

"म्हणून टाका ना," तो रडत म्हणाला. "म्हणा नदी तुमची. मला तुम्ही जिवंत हव्यात."

"माझ्या गावांनी काय प्यायचं मग?" ती म्हणाली. "पाणी द्या. बोलू नका."

एका सकाळी महाराजांनी ओसरीवरची ओल पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी स्वतः एक लाकडी खुंटी आणली आणि माझ्या भोकात ठोकून बसवली. युवराजांना दोन पहारेकऱ्यांनी धरून ठेवलं होतं. खुंटी बसली आणि आतून तिचा आवाज यायचा बंद झाला. फक्त मला ऐकू येत होतं, तिची नखं माझ्या खालच्या फळीवर हळूहळू फिरत होती. मग तीही थांबली. माझ्या मागे एक पोरगी मरत होती आणि तिला मीच मारत होतो. त्या क्षणी मला कुणी कुऱ्हाडीने फोडलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. राणीसाहेब आल्या. हातात ताट होतं, तेच मोठं ताट, ज्यात ती दोघं जेवायची. सोबत कुणी नाही.

महाराज म्हणाले, "तू कशाला आलीस? खाली जा. तू यात पडू नकोस. परक्या घरच्या बाईने..."

"कोण परकी?" राणीसाहेब म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण मी त्या घरात बसल्यापासून तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. महाराजही.

"कोण परकी हो? तुमच्या आईचं शेवटचं दुखणं कुणी काढलं? तुम्ही शिकारीला होतात. तापाने फणफणलेल्या या पोराला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? कोठारात किती धान्य आहे, तुम्हाला ठाऊक आहे? कोणत्या खोलीचं छत गळतं, ते? उभा जन्म या घराचे उंबरे झिजवले मी, आणि परकी? पोटच्या पोराला घराबाहेर काढलंत, दुसऱ्याच्या पोरीला उपाशी मारताय, आणि घर म्हणे तुमचं! घर माझं आहे. ऐकलंत? हे घर माझं आहे, आणि माझ्या घरात कुणी उपाशी मरणार नाही."

त्यांनी ताट पहारेकऱ्याच्या हातात दिलं आणि माझी कडी धरली. मित्रांनो, त्या हातात ते आख्खं घर होतं. जिना, कोठार, गळकं छत, सगळं. मी वाटच बघत होतो. पण मी फुगलेला! चौकटीत गच्च बसलेला! त्यांनी चौकटीला पाय रोवून ओढलं, मी आतून जीव खाऊन जोर केला, आणि करकरत, किंचाळत, चौकटीचा एक टवका काढत मी उघडलो.

ती माझ्या पायाशीच पडली होती. राणीसाहेब जमिनीवर बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदर मडक्यातल्या पाण्यात भिजवून ओठांना लावला. "हळू पी गं. घाई नको. आहे भरपूर." तिचा घसा हलला. मग पापण्या हलल्या. युवराज उंबऱ्याबाहेरच उभे होते. आत यावं की नाही, त्यांना कळेना.

"आता मुहूर्त बघतोस काय?" राणीसाहेब म्हणाल्या. "ये आत. घर सोडतो म्हणे! मला विचारून सोडलंस का? घर माझं आहे, मी सांगते, तू घरचा आहेस. बस इथे आणि तिचे पाय चोळ."

तो आत आला, आणि आईच्या पाठीला कपाळ लावून ओक्साबोक्शी रडला.

महाराजांनी मग जे केलं ते ऐका. "राहा तिघं आत!" असं ओरडत त्यांनी मला ढकललं. मी चौकटीला टेकलो, पण बसेना. पुन्हा ढकललं. "हे घर माझं आहे! माझं एकट्याचं!" एकट्याचं असतं ते घर कसलं? मी बसलो नाही. कड फुगली होती म्हणून असेल, किंवा रागाने असेल. दोन्ही होतं. त्यांनी पहारेकऱ्यांना हाक मारली. खी खी हसणारा तो पहारेकरी ताट धरून उभा होता. तो म्हणाला, "महाराज, हात रिकामा नाही." त्या दिवसापासून महाराजांच्या हुकमाला किल्ल्यात कुणाचाच हात रिकामा नव्हता.

ती जगली. अंगात ताकद आल्यावर ती आपल्या पायांनी नावेत बसली आणि तो तिच्याबरोबर गेला, या वेळी आईला विचारून. पुढे नदीवर पूल झाला, लग्नही झालं. त्यावर गाणी आहेत, ती तुम्ही ऐकलीच असतील. राणीसाहेबांनी मात्र मी उघडलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी मला बिजागऱ्यांवरून उतरवलं. म्हणाल्या, "याला पुन्हा चौकटीत बसवायचं नाही." त्या होत्या तोवर दर थंडीत मला तेल लावायच्या. त्या गेल्यावर माझ्यावर पोती ठेवली, मला आडवा टाकून लोक पत्ते खेळले, एका कोंबडीने माझ्याखाली संसार केला. मग कुणीतरी मला इथे आणलं आणि ती पाटी लावली. पाटीवर प्रेम आहे, गाण्यांत युवराज आहे, वारस आहे. राणीसाहेबांचं नाव कुठेच नाही. मोडला म्हणे!

उद्या सुतार येणार आहे. माझी ही कड वाकडी दिसते म्हणून तिच्यावर रंधा मारणार आहेत आणि भोकाखालचा हा काळा डाग रंगाने झाकणार आहेत. मित्रांनो, तुम्ही लहान असलात तरी ओरडू शकता, तर ओरडा. मला तेल लावा, ऊन दाखवा, वाळवी झटका, जुन्या वस्तूला एवढं तरी करावं. पण त्या कडेला आणि त्या डागाला हात लावू नका. तो डाग तिने प्यायलेल्या पाण्याचा आहे.

आणि आज घरी गेलात की आईला विचारा, "हे घर कुणाचं गं?" तिने पटकन "माझं" म्हटलं तर जेवून झोपा. पण उत्तर द्यायला ती अडखळली, तर मात्र चिडा. माझ्याएवढे चिडा.